अप्पांची निवड

अप्पा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज सकाळी मला तुमचा इतका राग आला, की भवानी पेठेतल्या आपल्या पुस्तकांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मी लिहायला बसले आहे.

हल्ली दाराजवळच्या टेबलावर मी मला आवडलेली नवी पुस्तकं मांडते. प्रत्येकावर माझ्या हातची चिठ्ठी. एका रहस्यकथेवर लिहिलंय, 'खुनी कोण ते निम्म्यातच कळलं, तरी हातातून सोडवली नाही. यातली फौजदारीण ड्युटीवरून येऊन भाकऱ्या थापते, ते खरं वाटतं.' ती चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या दोघीतिघींनी नेली. तेलुगूतून आलेल्या एका विणकराच्या आत्मकथनावर, 'भाषांतर अडखळतं. तरी घ्या. मागावर बसून पाठ कशी मोडते ते आपल्या गावाला कळू दे.' आणि मेंढरांमागं हिंडलेल्या एका बाईच्या कवितांवर, 'एकही ओळ गोड नाही. रोज दोनच वाचा.'

आज तुमचे ते जुने गिऱ्हाईक आले, निवृत्त हेडमास्तर. चिठ्ठ्या वाचल्या आणि हसले. म्हणाले, "बाई, प्रयत्न चांगला हाय. पण अप्पांची सर न्हाय. मला एकदा म्हणाले होते, 'सर, ह्या कादंबरीतली आई रडत न्हाय, भांडी घासत बसते. रडायचं काम आपल्यावर सोडलंय.' काय वाचायचा हो माणूस!"

ते वाक्य माझं होतं, अप्पा. मी सतरा वर्षांची होते. तुम्ही जेवायला बसलाय, मी चुलीपाशी, आणि तुम्ही शेंगाचटणीत तेल ओतत विचारताय, "हं, सांग. काय हाय त्यात?" मी सांगतेय. तुम्ही तिसऱ्या पानापुढं कधी गेला नाहीत. पुस्तक उघडलं की तुम्हाला जांभया यायच्या. रात्री मी वाचायचे, सकाळी तुम्ही बोट वर करून गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचात. मला त्याचंही काही वाटलं नसतं. पण एके दिवशी दुकानात कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी एका कादंबरीच्या शेवटाबद्दल विचारलं, तुम्ही अडकलात आणि गठ्ठे सोडता सोडता मी उत्तर दिलं. केवढ्यानं ओरडलात! "तू आत जा. मोठी माणसं बोलत्यात, दिसत न्हाय व्हय? हिला काय कळतंय पुस्तकातलं!" प्राध्यापक हसले. मी आत गेले. आणि त्याच संध्याकाळी एक नवी कादंबरी माझ्यापुढं टाकलीत, "उद्यापतूर वाचून ठेव."

मी वाचून ठेवली. राग त्याचाही आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "बापाचं नाव झालं तर तुझं काय कमी हुतंय?" हुतंय की, आई. आज ते मास्तर माझ्याच टेबलासमोर उभं राहून मला माझंच वाक्य तुमचं म्हणून शिकवत होते.

ते माझं आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी कवितांचं पुस्तक उचललं, चाळलं आणि खाली ठेवलं. "असलं काय वाचायचं आता," म्हणाले. त्या बाईचं ते पहिलंच पुस्तक. दोन महिन्यांत एकही प्रत गेलेली नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्या प्रती प्रकाशकाकडे परत पाठवाव्या लागणार. आणि मी म्हणाले, "सर, अप्पा असते तर तुम्हाला आज हेच दिलं असतं."

त्यांनी लगेच पिशवीत टाकलं. वर म्हणाले, "मग बोलायचं न्हाय व्हय आधीच?"

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. तुमचं नाव घेताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, अप्पा. ते गेल्यावर कवितांवरची चिठ्ठी मी फाडली आणि नवी लिहिली. वर तुमचं नाव घातलं.