मुलगी समुद्राच्या तळाशी राहत नसल्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, निंबळवाडी,
जि. धाराशिव

विषय : रहिवासी दाखल्यातील पत्ता तातडीने दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपला दि. १२/११/२०२५ रोजीचा दाखला.

महोदय,

मी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, माझी मुलगी दीपमाला ही दक्षिण ध्रुवाकडील समुद्राची पातळी मोजण्याचे काम करते. दोन वर्षांपूर्वी तिने तेथे तळाशी तीन दाबमापक यंत्रे सोडली. विहिरीत खोल बुडी मारली की कान दुखतात, कारण वरच्या पाण्याचा दाब. यंत्रे तोच दाब नोंदवतात. त्यावरून पाणी वाढले की घटले ते कळते. जहाजावरून आवाजाचा संकेत दिला की ती वजन सोडून वर येतात. मार्चमध्ये त्यांची बॅटरी संपेल; मग संकेत ऐकायला कोणी उरणार नाही आणि दोन वर्षांच्या नोंदी तळाशीच राहतील. ती वर काढायला मुलगी जाणार ते जहाज २० डिसेंबरला निघते. तिच्या पासपोर्टची मुदत संपत आल्याने नूतनीकरणाच्या तपासणीसाठी गावचा दाखला हवा होता.

आपले लिपिक श्री. अमरनाथ यांनी "ताई असतात कुठं?" असे विचारले. मी अभिमानाच्या भरात "समुद्राच्या तळाशी काम हाय तिचं," असे सांगितले, ही माझी चूक. दाखल्यावर छापून आले : "सदर महिला समुद्राच्या तळाशी कायम वास्तव्यास आहे." मी चष्म्याविना तो घरी नेला.

माझी पत्नी इरम्मा हिने तो वाचला. "लेक पाण्याखाली गेली म्हणून सरकार लिहून देतंय, अन् तुमी शिक्का मारून घेऊन आलाव?" असे म्हणून ती ओसरीवर बसली. रडणे ऐकून शेजारी जमले. दुपारपर्यंत नऊ घरांतून पिठलं-भाकरी आली. मीही जेवलो, हे कबूल करतो.

सायंकाळी मुलीचा गोव्याहून फोन लागला. "कुठं हाईस?" "हापिसात, आई." "पाणी किती हाय?" "बाटलीभर, प्यायचं." तेव्हा पत्नीने डोळे पुसले, मात्र कागदावर मुलगी अद्याप बुडालेलीच आहे.

तरी पत्ता निंबळवाडी असा करून दाखला आजच द्यावा. उद्या दहा वाजता इरम्मा स्वतः कार्यालयात येत आहे. मुलगी पाण्याबाहेर काढल्याशिवाय उठणार नाही, असे तिने सांगितले आहे. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली. ती उठत नाही.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत, नम्र,
वैजनाथ शरणप्पा बिराजदार
दि. १७/११/२०२५

सोबत : मूळ दाखला (अश्रूंमुळे शाई फुटलेली).