चाळीस बंद दारं

रघुवीरमामा,

आई म्हणाली, तुम्ही ओहायोतलं पक्षाचं ऑफिस बंद करून किल्ली परत दिलीत. वीस वर्षं दारोदार फिरलात आणि आता म्हणता, “पक्ष टीव्हीपुरता उरलाय. लोक दारसुद्धा उघडत नाहीत.”

हे माझ्या यादीवरून ठरवलंत ना? निवडणुकीच्या वेळी मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुम्ही मला प्रचारासाठी चाळीस घरांची यादी दिली होतीत. वाटेत तळं लागलं. बदकं काय मस्त होती! मी तिथेच बसलो आणि प्रत्येक नावापुढे ‘दार उघडलं नाही’ असं लिहिलं.

इथे नॉटिंगहॅममध्ये मी पिझ्झाची पत्रकं वाटतो. लोक वैतागतात, पण दार उघडतात.

तिथली उघडली असती का, कोण जाणे. मी एकही बेल वाजवली नव्हती, मामा.

पोस्टाच्या पेटीपासून दोनदा परत फिरलेला,
अंशुमन