नेऱ्याच्या गिरणीतली काळी पेटी

पनवेल, १८ एप्रिल १९९३

ती. दादास,
आशालताचा सा. न. वि. वि.

आधी तुझ्या लेकीची खुशाली. अनुया न्हावा शेव्याच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात छान रुळली आहे. केस मात्र मुलांसारखे कापून आली. विचारलं तर म्हणाली, आत्या, उकडतं.

खरं लिहायचं ते वेगळंच. दर रविवारी ती ऑफिसातल्या रेवाकडे जाते म्हणून निघते. परवा रेवाच मला भाजीबाजारात भेटली. अनुया तिच्या घरी कधी आलेलीच नाही म्हणे! मी घरी काही बोलले नाही. आज तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले. एक टेम्पो उभा होता आणि त्यात मयताच्या पेटीएवढी काळी पेटी. चढवायला शकील होता, मागच्या आळीतल्या खतीजाबींचा धाकटा. त्याचा थोरला भाऊ फहाद दुबईला असतो. अनुया शकीलवर ओरडली, जपून, आपटू नकोस. मग तीही आत बसली आणि टेम्पो नेऱ्याच्या रस्त्याला लागला.

प्रेमप्रकरण म्हणावं तर तसं दिसत नाही. पण पोरगी माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. तू एवढ्यात तिला काही लिहू नकोस. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझी,
आशा

सांगली, २३ एप्रिल

चि. सौ. आशास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पेटी दुबईहून आली का? बंदरातून सुटली असेल, तर कागदांवर कोणाची सही आहे? मार्चातल्या स्फोटांआधी किनाऱ्यावर काय काय उतरलं ते तूही पेपरात वाचलं असशील. त्या पोरांनी अनुयाला ऑफिसासाठीच हाताशी धरलं असेल तर? तू भोळी आहेस, तिला काही विचारू नकोस, नुसती नजर ठेव. मीही माझ्या परीने चौकशी करतो.

जपून राहा. तुझा,
प्रभाकरदादा

पनवेल, २६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नजर ठेवणं मला जमलं नाही. काल दुपारी सरळ रिक्षा करून नेरे गाठलं. गावाबाहेरच्या बंद भातगिरणीतून धडाधड आवाज येत होता. दार ढकललं. गिरणीवाल्यांचा जगन ढोल बडवत होता. मला बघून दचकला. मी पेटीकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, काकी, बॉम्ब नाय, बाजा हाय!

दादा, ते माणसापेक्षा उंच व्हायोलिन आहे. फहादने दुबईच्या एका हॉटेलातून जुनं घेऊन पाठवलं. कागद सगळे चोख आहेत, मी पाहिले. शकील ते उभ्यानेच तळव्याने थापडत वाजवतो, अनुया गिटार वाजवते आणि गाते. बँडचं नाव ‘भुसा’. ती मला समजावत होती: ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, त्यांना रॉकबिलीची उधळती चाल लावायची आणि पंकवाल्यांसारखं चिडून म्हणायचं. गाणं मात्र मराठीत होतं, बंदरावरचं: खोक्यावर खोका, आत कोण ते ओळखा. कानठळ्या बसल्या, पण माझा पाय हलत होता!

शकीलचं नाव ऐकून कोणी तालमीला जागा देईना आणि तू तर परवानगी दिलीच नसतीस, म्हणून ही लपवाछपवी. २३ मेला, रविवारी दुपारी, गिरणीतच कार्यक्रम आहे. ये. काळजी सोड आणि लोभ ठेव.

आशा

पनवेल, ५ मे

दादास,
नमस्कार.

सोमवारी गिरणीवर पोलीस आले. व्हायोलिनचं पोट चिरून पाहिलं. शकीलला दोन दिवस बसवून ठेवलं. खतीजाबी चौकीच्या पायरीवर बसून होत्या, मी त्यांच्या शेजारी. अनुयाच्या ऑफिसात चौकशी गेली, त्यांनी तिला घरी बसवलं.

मी साहेबांना सांगितलं, ती पेटी मी उघडी पाहिली आहे. ते म्हणाले, बाई, मयताच्या पेटीएवढी पेटी अशी पक्की खबर होती. हे शब्द मी एकाच माणसाला लिहिले होते.

माझं दुसरं पत्र तुला मिळालं होतं का? मिळाल्यावर तू गेलास, की त्याआधी? एवढंच कळव. यापुढे अनुयाची खबर मी लिहिणार नाही. ती तिलाच विचार.

आशालता

पनवेल, २४ मे

ती. बाबांस,
अनुयाचा नमस्कार.

तुमचं उत्तर आत्याने मला वाचायला दिलं. तिचं दुसरं पत्र मिळालं होतं, पण ती फसली आहे असं वाटलं, म्हणून ओळखीच्या साहेबांकडे गेलो, असं तुम्ही लिहिलंत. हे सगळं माझ्याच भल्यासाठी, असंही लिहिलंत.

शकीलला त्याच्या अम्मीने फहादकडे पाठवून दिलं. तो जाताना मी भेटायला गेले, तर खतीजाचाची दार अडवून उभ्या राहिल्या. बेटी, तू अच्छी है, पण आता नको, म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही.

काल कार्यक्रम झाला. जगन आणि मी, दोघंच. जगन म्हणाला, आवाज रिकामा वाटतो, पण वाजवू. गावातली पोरं आली, ऑफिसातली रेवा आली, आत्या पहिल्या ओळीत कानात बोळे घालून बसली होती. खोक्याचं गाणं चालू असताना मला दारात तुम्ही दिसलात. पिशवी हातातच होती. गाणं संपेस्तोवर तुम्ही हलला नाहीत. टाळ्या वाजल्या, मी वर पाहिलं, तर तुम्ही नव्हतात. आत्याकडेही आला नाहीत.

रात्रभर विचार करतेय. बाबा, तुम्ही माझं गाणं ऐकायला आला होतात, की कोण कोण आलंय ते बघायला? मला खरंच ठरवता येत नाही. आधी कधी असा प्रश्न पडला नसता.

पुढच्या रविवारीही आम्ही वाजवणार आहोत. आईला सांगा, जेवते वेळेवर. उत्तर लिहिलंत तर मला लिहा, आत्याला नको.

तुमची,
अनुया