अम्मानं शोधलेले इंग्रजी शब्द

अम्मा, हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तुला वाचता आलंच नसतं. तुला वाचता यायचं ते तमिळ. आपली तंजावरी मराठी फक्त बोलायची, लिहायची वेळ आलीच तर तमिळ अक्षरांत. देवनागरी मी लग्नानंतर पुण्यात शिकले, आणि तिथेच कळलं की मी 'जालं' म्हटलं की लोक हसतात. 'मी आवडीत वाढले' म्हटलं तरी हसतात. मद्रासजवळ त्या नावाचं गाव आहे हे त्यांना कुठून ठाऊक? त्यांना वाटतं, बाई स्वतःच्या लाडांचं कौतुक सांगते आहे.

लाडात तशी वाढलेच. अप्पा फॅक्टरीच्या ऑफिसात क्लार्क, सकाळी सायकल काढून जायचे ते संध्याकाळी उगवायचे. क्वार्टर्समध्ये आपण दोघीच. मी सहावीत होते तेव्हा इंग्रजीच्या टीचरनी एक खेळ काढला. शुक्रवारी त्या फळ्यावर तीन अक्षरं लिहायच्या. ती तिन्ही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द सोमवारी शोधून आणायचा. ज्याचा शब्द सगळ्यांत लांब, त्याचं नाव आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. घरात डिक्शनरी नव्हती. अप्पांना विचारलं तर ते पेपरामागूनच म्हणाले, "तुझा अभ्यास तू कर."

तूच म्हणालीस, "कोणती अक्षरं गे? काढून दे मला." तुला ए टू झेडही येत नव्हतं. मी कॅलेंडरच्या पाठीवर मोठी आणि छोटी अक्षरं शेजारी शेजारी काढून दिली, जरा तोऱ्यातच. पी आणि बी या तुला सख्ख्या बहिणी वाटल्या, एकीचं पोट वर, एकीचं खाली.

अजून दिसतं मला. दुपार आहे, तू फळीवरचे डबे उतरवून खाली अंथरलेल्या जुन्या इंग्रजी पेपरावर वाकली आहेस. तांदळातले खडे निवडावेत तसा बोटानं एकेक शब्द पुढे सरकवते आहेस. आम्ही मुलं आम्हाला येणाऱ्या शब्दांतच शोधत बसायचो. तुला कुठलाच येत नव्हता, म्हणून तुला सगळा पेपर मोकळा होता.

पहिल्या खेपेला डी, एम, एस होतं आणि तू 'ॲडमिनिस' काढून दिलंस. मलाही तो खराच शब्द वाटला. वर्गात ऐटीत वाचला, तर टीचर म्हणाल्या, "याची शेपटी कुठे राहिली? कोणी दिला हा शब्द?" मी म्हटलं, "अम्मानं. तिला इंग्रजी येत नाही." वर्ग हसला. मीही हसले. घरी येऊन मात्र तुझ्यावर कडाडले, अर्धाच शब्द दिलास, माझी फजिती झाली म्हणून. तू पुन्हा डबे उतरवलेस आणि ती जागा शोधलीस. ओळीच्या टोकाला बारीकशी आडवी रेघ होती.

"ही काडी? मी डाग समजले गे." मग खालच्या ओळीवर बोट नेलंस. "म्हंजे शब्द पुरा जाला नाही. खाली उतरून येतो आहे. सेरि, समजलं."

त्यानंतर तू पेपर घेतलास की आधी ओळींची टोकंच बघायचीस. तुझं म्हणणं, छोटे शब्द जागेवर मावतात, मोडतात ते लांबच. जन्मभर इंग्रजी शिकवून मला हे कधी सुचलं नसतं. पुढच्या शुक्रवारी बी, एल, पी आलं आणि तू 'रिस्पॉन्सिबिलिटी' काढलास, दोन ओळींतून सांधून. चौदा अक्षरं! टीचरनी पुन्हा विचारलं, कोणी शोधला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पांनी." विचारसुद्धा केला नाही. चूक तुझ्या नावावर आणि शाबासकी अप्पांच्या, असा माझा न्याय. मग वर्षभर अप्पाच शब्द शोधत राहिले.

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला तू आलीस आणि टीचरनी तुला गाठलं. तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचं इंग्रजी फार दांडगं दिसतं. दर आठवड्याला काय एकेक शब्द पाठवतात." तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस.

"आमां टीचर," तू होकार देत म्हणालीस, "फार वाचतात ते."

घरी येईपर्यंत मी तुझ्या मागे मागे चालत होते. आता रागावशील, आता रागावशील असं वाटत होतं. तू चप्पल काढलीस, फिल्टरमध्ये कॉफी पावडर भरलीस आणि विचारलंस, "ह्या वेळची अक्षरं काय दिली आहेत गे?" रागावली असतीस तर बरं झालं असतं, अम्मा. मी रडून मोकळी झाले असते. आज या वयात रडते आहे.

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी माझा सत्कार केला. एकीनं विचारलं, "बाई, तुम्हाला इंग्रजीची गोडी कोणी लावली?" माइक माझ्या हातात होता. अप्पा नाहीत, टीचर नाहीत, तुला पाहिलेलं त्या हॉलमध्ये एकही माणूस नव्हतं. खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती.

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी."