राजांची हनुवटी

रविवार, १४ ऑक्टोबर १९८४. पिस्कॅटवे, अमेरिका.

आज नीताने डोकं फिरवलं. शाळेत तिला हॅब्सबर्ग नावाच्या राजघराण्यावर प्रोजेक्ट आहे. पुस्तकातले राजे दाखवत होती. अंगावर मखमल, गळ्यात सोनं, आणि हनुवटी अशी पुढे आलेली की तोंड मिटत असेल का कोण जाणे. मी हसले. तर किळस आल्यासारखं तोंड करून म्हणते, "मॉम, घरातच लग्नं करून झालं हे. मामा-भाची, कझिन्स. ग्रॉस!"

तिचे पप्पा माझे सख्खे आतेभाऊ, हे तिला कुठे माहीत आहे! आणि थोरल्या सतीशसाठी माझ्या भावाची शोभा मागायचं पत्र मी सकाळीच लिहून ठेवलंय. मामा-भाची आपल्यात चालत नाही, पण मामाची मुलगी तर हक्काची. त्यात कसली लाज? एवढ्या मोठ्या राजांनी केलंच की. पण मग ती हनुवटी?

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, आपली पोरं धड आहेत ना?" आहेत. तरी जेवताना मी दोघांच्या हनुवट्याच बघत बसले. नीता ओरडली, "व्हॉट?"

पत्राला तिकीट लावून झालंय. पेटीत टाकायला हात होत नाही.