चंद्राने दिलेले तीन दिवस

२० डिसें.
खालच्या दुकानातल्या सुमनवहिनी जिन्यातूनच बोलत आल्या. "सलमा, धारवाडच्या मराठी शाळेत बाई पाहिजे म्हणं. ते मिरजेचं डी.एड. पेटीत ठेवून लोणचं घालणार काय ग?" मुलाखत २ जाने. चौथीवर एक पाठ घेऊन दाखवायचा. विषय शाळेनेच दिलाय, चंद्राच्या कला. नऊ वर्षांनी मला कोणी बाई म्हणणार. जीव नुसता नाचतोय.

मग कॅलेंडर बघितलं. माझा स. गेला २४ ऑगस्टला. नवऱ्यामागे इद्दत चार महिने दहा दिवस, तोवर घरात. म्हणजे ३ जाने., संध्याकाळ. एका दिवसाने हुकलं.

२२ डिसें.
बायकांना दीन, म्हणजे धर्म, शिकवणाऱ्या आपांना फोन. म्हणाल्या, पोटापाण्याची गरज असेल तर दिवसा जाऊन येता येतं. मग धीर करून दुसरं विचारलं. मला आनंद होतोय, हा गुन्हा का? म्हणाल्या, "रडायला कुणी अडवलं नाही, हसायलाही नाही. सब्र म्हणजे तोंड पाडून बसणं नव्हे."

हे अम्मीला कोण सांगणार? तिचा एकुलता एक मुलगा गेला, आणि सुनेला शाळेचे डोहाळे.

२६ डिसें.
स्वयंपाकघरात पाठाचा सराव. रोटी अर्धी कापली, अष्टमी. आणखी कापली, चतुर्थी. अमावस्या कशी दाखवायची सुचेना, खाऊन टाकली. मागे अम्मी उभी. "रोटी से क्या खेलती गे?" काही नाही म्हटलं. कान गरम.

अजून सांगितलेलं नाही. उद्या.

२७, २८, २९
उद्या, उद्या.

३० डिसें.
सांगून टाकलं. एका दमात, डाळ निवडता निवडता. शाळा, पाठ, २ तारीख, आणि इद्दत ३ ला संपते, पण आपा म्हणाल्या की...

अम्मीने मध्येच थांबवलं. मला वाटलं, झालं, आता रडारड.

"तीन तारीख कायकी?"
"कॅलेंडरची."
"अगे, इद्दत कॅलेंडर से गिनते क्या? उस शाम को मैं ऊपर चाँद देखके उतरी, सीढ़ी परच थी, फोन आया. चाँद की पहली थी." बोटांची पेरं मोजली. "चार चाँद, दस दिन. चाँद का महीना छोटा रहता, कल मगरिब को पूरी."

चंद्र शिकवायला निघालेली बाई, आणि चंद्रच मोजायला विसरली. हसू आवरेना. अम्मीपण हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

तिने मनात एकेक दिवस मोजलाय. माझ्यासाठी, ते आता कळलं.

३१ डिसें.
सूर्य बुडाला, मगरिबची नमाज झाली. इद्दतीत अत्तर वर्ज्य; अम्मीने पेटीतून त्याची कुपी काढली, माझ्या मनगटाला बोट लावलं. मी म्हटलं, तुम्हीपण लावा.

"मेरेकू तो कबकी इजाजत है. माँ का सोग तीनच दिन का, बेटी."

आठवलं. चौथ्या दिवशी ती पिशवी घेऊन बाजारात गेली होती, मेथी आणली होती. मला वाटलं होतं, काय दगडाचं काळीज. कुणाला बोलले नाही, पण मनात धरून होते. चार महिने मी बसून होते आणि ती बाजार, गॅस, लाइटबिल सगळं करत होती. तीन दिवसांच्या दुखवट्यावर.

तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग दोघींनी चहा घेतला.

२ जाने.
धारवाड. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. माझ्याआधी दोघी आहेत, दोघी तरुण, इस्त्रीच्या साड्या. डब्यात पाच रोट्या आणल्यात, पाठासाठी. मजा वाटतेय.

निघताना उंबऱ्यात पाय अडला. चार महिन्यांची सवय. अम्मीने पाठीत हलकेच ढकललं. "जा. मैं चौथे दिन गई थी, तू आज जा." आणि मागून, "अमावस की रोटी तू मत खा, मेरेकू वापस ला."

दुसरी बाहेर आली, माझं नाव पुकारलं. आता माझा