कोणी कोणाच्या समाचाराला जायचे

प्रिय ताईस,

धाकट्याचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचा तुझा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. येत्या एक तारखेला सामानाची गाडी घेऊन मला कायमचे तुझ्याकडे न्यायला येणार, असे तू कळवले आहेस. विचारलेले नाहीस, कळवले आहेस. (लहानपणी माझ्या वाटचे दूधही तू असेच पिऊन टाकायचीस.) त्याबद्दल लिहितोच, पण आधी इथली हकिगत ऐक.

दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी उपासनेत तो उतारा घेतला, आजाऱ्याला भेटलात ते मलाच भेटलात असे प्रभू म्हणतो, तो. ते फार तळमळीने बोलले. मंडळीने माना डोलावल्या (यात आमच्या मंडळीचा हात धरणारे कोणी नाही). मग दाराशी दोन कागद लागले. ज्यांच्याकडे जायला हवे त्यांची नावे एकावर, आणि जे जाणार त्यांच्यासाठी दुसरा कोरा. पुढच्या रविवारीही तो कोराच होता. तेव्हा चिटणीसबाईंनी पहिल्याच कागदावरची माणसे दोन-दोन करून एकमेकांना वाटून टाकली आणि कोणाला काही सांगितले नाही. त्या कागदावर मी होतो, हे मला फार उशिरा कळले. मी न्हाणीघरात पडल्याचे पाळकसाहेबांना फोन करून कोणी सांगितले, ते मी विचारत नाही. (रागावलो नाही. दोन दिवस रागावलो होतो.)

मला चिठ्ठी मिळाली ती एवढीच: निवृत्त लिफ्टमन, एकटे असतात, मंगळवारी चारला भेटावे. मंगळवारी मी केळी घेऊन गेलो, तर दाराला कुलूप. दाराखालून चिठ्ठी सरकवली की समाचाराला येऊन गेलो, आजारी माणसाने असे हिंडू नये. घरी परतलो, तर माझ्या दाराखाली चिठ्ठी, अक्षर पेरूएवढे आणि ओळ घसरगुंडीवरून उतरल्यासारखी: येऊन गेलो, दुखण्यात माणसाने पडून राहावे, केळी कडीला आहेत. माझा राग अनावर झाला. केळी बरी होती.

पुढच्या मंगळवारी त्यांना घरातच गाठायचे म्हणून मी साडेतीनलाच निघालो. तेही साडेतीनलाच निघाले होते. औषधाच्या दुकानासमोर दोन म्हातारे केळी घेऊन एकमेकांसमोर उभे. उपासनेनंतर सलाम करण्यापुरती ओळख होतीच.

"अहो, तुम्ही बाहेर कसे?"

"मी? तुमच्याकडेच चाललोय. आजारी तुम्ही आहात."

"माझ्याकडे तुमच्या नावाची चिठ्ठी आहे."

"मला बाईंनी तोंडी सांगितलंय. कागदाचं काय घेऊन बसलात!"

माझे घर जवळ होते म्हणून तिकडे गेलो, आणि भेट आपणच दिली असे ते आजतागायत धरून आहेत. आत शिरताच त्यांनी खुंटीवरच्या माझ्या कोटाला सलाम केला आणि घरातले बरे आहेत ना, असे विचारले. ताई, चाळीस वर्षे मी भिंगे घासली. या डोळ्यांना कुठलेच भिंग चालणार नाही, हे मला दारातच कळले. बसल्यावर त्यांनी खिशातून गेल्या मंगळवारची माझीच चिठ्ठी काढली. "चष्मा विसरलोय. जरा वाचता का?" मी वाचली. 'लवकर बरे व्हा' असे लिहिलेय, म्हटले.

तेव्हापासून दर मंगळवारी भेटतो. त्यांना परोपकाराचे समाधान मिळावे म्हणून मी फार सोसतो. माझ्या शर्टाची वरची बटणे मी मुद्दाम उघडी ठेवतो, म्हणजे त्यांना ती लावून देता येतात. उतारा मी वाचतो आणि पुस्तक त्यांना धरायला देतो, काहीतरी काम नको का त्यांना? चहा नेताना कप बशीत वाजतो, तोही सोयीचा, मी कुठवर आलो हे त्यांना कळते. प्रभू त्या उताऱ्यात आजाऱ्याच्या जागी आहे, हे दोघांनाही पाठ आहे. तरी ती जागा दोघांनाही नको आहे. यावरून दर मंगळवारी वाद होतो आणि सहा वाजता आम्ही समाधानाने उठतो.

तेव्हा तूच सांग, अशा माणसाला टाकून मी कसा येऊ? त्यांच्याकडे दुसरे कोणी येत नाही.

भावोजींना सलाम. तुला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. अक्षर हलल्यासारखे दिसेल. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

ता.क. दुसरा. गाडी आणू नकोस. तू ये, आठ दिवस राहा, हवे तेवढे बोल. फक्त गाडी आणू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिले.

ता.क. तिसरा. आज मंगळवार. मी पत्र लिहितो आहे हे कळल्यावर त्यांनी मलाही चार ओळी लिहू द्या म्हणून हट्ट धरला. मी पेन दिले आणि चहा टाकायला गेलो (हल्ली चहाला वेळ लागतो). येऊन पाहतो तर ते घामाघूम, आणि कागद कोरा. शाई संपली होती, ते त्यांना दिसले नव्हते. मी 'छान लिहिलेत' म्हणालो. ते गेल्यावर कागद खिडकीशी तिरपा धरला, तेव्हा ओरखडे वाचता आले. वाचल्यावर तो फाडायचाच होता, तुला कधीच कळले नसते. पण माणूस पाऊण तास बसला होता. मी ओरखड्यांवरून दुसऱ्या पेनाने शाई फिरवली आहे, त्यामुळे ते आणखीच बिघडले. अक्षर लागत नसेल तर खाली पुन्हा देतो:

'ताई, सलाम. तुमच्या भावाचे हात फार थरथरतात. मला कळत नाही असे त्यांना वाटते, वाटू द्या. बटणे मी लावतो. मंगळवार माझा आहेच. उद्यापासून बाकीच्या दिवशीही येतो. नेऊ नका.'